आधी ‘येऊ का?’ विचारावं

फोन वाजला की मी आजही आधी शर्टाची वरची दोन बटणं लावतो आणि मगच उचलतो. बायको म्हणते, हे येडेपण आहे. असेल. पण ज्या माणसाकडून ते मला लागलं, त्याच्याकडून ते सेनगावजवळच्या आमच्या गोरेगावच्या अर्ध्या बाजारपेठेला लागलं होतं, तेव्हा एकट्या मला बोल लावून उपयोग नाही.

त्यांना सगळे पीपी काका म्हणायचे. मोबाईल यायच्या आधी त्यांचा एसटीडी बूथ होता. गावातली लग्नपत्रिका असो की दुकानाची पावती, नंबर काकांचा आणि पुढे कंसात ‘पी.पी.’. म्हणजे फोन त्यांचा, निरोप तुमचा. एका लग्नसराईत तर त्यांचा नंबर अठ्ठेचाळीस पत्रिकांवर होता आणि एका नवरदेवाचा रुसवा भलत्याच नवरीला जाऊन पोचला. तिनं त्याची समजूतही काढली. मी हे वाढवून सांगतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती दोन्ही लग्नं पाहिलेली नाहीत.

बूथला लागून माझं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस, उद्घाटन आणि भावपूर्ण श्रद्धांजली हे माझे तीन हंगाम. मधे लाकडी फळीची भिंत, तिला एक मोठी फट. त्या फटीतून मी हा माणूस पंधरा वर्षं पाहिला.

बूथमध्ये काचेची एक केबिन होती. माणूस आत उभा राहून बोलायचा, काका बाहेर टेबलाशी बसायचे. चांगली बातमी आली तर ते रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारून सांगायचे, “अहो, जाता जाता त्यांच्या घरी सांगा, पोरगी झाली!” वाईट बातमी मात्र कधी कुणाच्या हाती दिली नाही. टोपी घालायचे, बूथला कुलूप लावायचे आणि स्वतः चालत जायचे. कुणी केबिनमध्ये रडायला लागलं, की काका आपली खुर्ची उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जीपा बघत बसायचे. आतला माणूस बाहेर येईपर्यंत मान वळवायची नाही. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा भारी निगरगट्ट आहे.

मग मोबाईल आले आणि बूथ बसला. दुसरा कुणी असता तर मोबाईलला शिव्या देत मेला असता. काका प्रेमात पडले. मुलानं नांदेडहून पाठवलेला स्मार्टफोन त्यांनी पहिल्या दिवशी पाटावर ठेवून हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यात ॲप भरायला घेतली. साप ओळखायचं ॲप, होकायंत्राचं ॲप, भिंतीवरचा फोटो तिरका आहे का सांगणारं ॲप. त्या शेवटच्या ॲपपायी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन देवांचे, पुढाऱ्यांचे आणि स्वर्गवासी आजोबांचे फोटो सरळ केले. हवामानाच्या ॲपनं साठ टक्के पाऊस सांगितला की काकू धुतलेल्या दहा कपड्यांतले चारच बाहेर वाळत घालायच्या. काकांचा तसा हिशेबच असे.

पण ॲपपेक्षा त्यांचा जीव होता तो रीतीत. ते म्हणायचे, “फोन म्हंजी दुसऱ्याचं घर है. आपण घरात एकदम घुसतो का? दारात उभं राहून इचारतो ना?” म्हणून कुणालाही काही पाठवायच्या आधी त्यांचा पहिला मेसेज यायचा, ‘येऊ का?’ तुम्ही ‘या’ म्हणेपर्यंत पुढचं अक्षर नाही. एकदा मी ‘या’ म्हणायला विसरलो. काका तीन दिवस दारात उभे. तिसऱ्या दिवशी फळीच्या फटीतून आवाज आला, “फ्लेक्सवाले, मी कवाचा उभा है. न्हाई म्हणा, पर काही तरी म्हणा.” काम काय होतं? माझ्या दुकानात साप निघाला होता आणि त्यांच्या ॲपनं तो बिनविषारी ठरवला होता, एवढंच सांगायचं होतं.

‘आपलं गाव आपला ग्रुप’ त्यांनीच काढला, चारशे माणसांचा. नियम केबिनच्या काचेवर चिकटवलेले, जिथं पूर्वी दरपत्रक असायचं तिथं. मोठ्या माणसाला नुसता अंगठा दाखवायचा नाही, शब्द लिहायचा. व्हिडिओ कॉल घेताना चप्पल काढायची. कुणाच्या घरी मरण झालं तर त्या घरानं स्वतः सांगेपर्यंत ग्रुपवर ‘भावपूर्ण’ हा शब्दही काढायचा नाही, ना आपापल्या स्टेटसवर काही टाकायचं. हा शेवटचा नियम तांबड्या शाईत होता. रोज सकाळी सहाला काकांचा ‘सुप्रभात’ यायचा, जास्वंदीच्या फोटोसकट. ते पहाटेच ॲपमध्ये लावून ठेवायचे. ताप असो, लाईट गेलेली असो, सुप्रभात सहालाच.

हे सगळे नियम रोज पायदळी तुडवायचा मान एका बाईचा. समोरच्या आक्का. मेंढ्या-शेळ्यांचं घर, आवाज असा की सेनगावच्या जीपमधल्या माणसाला वाटावं आपल्यालाच हाक मारली. त्यांना टायपिंग येत नव्हतं, म्हणून त्या सात सात मिनिटांचे बोललेले मेसेज टाकायच्या. त्यात दोन मिनिटं आक्का आणि पाच मिनिटं शेळ्या. काका चिडायचे, “आक्का, एक मिनिटाच्या वर बोलायचं न्हाई!” आक्का म्हणायच्या, “मी कुठं बोलून राहिले? ती बकरी बोलली. तिला काढा ग्रुपातून.”

आक्कांना शुगर होती. काकांनी त्यांच्या फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकलं आणि बजावलं, रोज सहा हजार. चौथ्या दिवशी ॲपनं एकतीस हजार दाखवले. काकांनी ग्रुपवर फुलांच्या चौकटीत आक्कांचं अभिनंदन केलं, चारशे लोकांनी हात जोडले, आणि पाचव्या दिवशी आक्कांचा फोन म्होरक्या बकरीच्या गळ्यात लटकताना माझ्या डोळ्यांनी मी पाहिला. काकांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. “पावलं खोटी हैत, फ्लेक्सवाले,” एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी स्वतः आक्कांना घेऊन शाळेपर्यंत चालायला लागले. दोघं सगळा रस्ता भांडत जायचे.

काकांचं शेवटचं वेड म्हणजे ठिपके. जिंतूरच्या पुढे जाणाऱ्या गावातल्या प्रत्येकानं आपलं लाइव्ह लोकेशन काकांना पाठवायचं, ही रीत. मग काका दिवसभर फोनवर ते निळे ठिपके बघत बसायचे, जसा राखणदार ज्वारीवरची पाखरं बघतो. ठिपका थांबला की यांचा जीव वर. लगेच फोन. “धाब्यावर चाळीस मिन्टं काय करून राहिले तुमी? भाजी आली न्हाई का अजून?” एका माणसाचं दुसरं लग्न ह्या ठिपक्यानं उघडकीला आणलं, पण ते नंतर कधी तरी.

त्या दिवसाची गोष्ट सांगायला मी इतका वेळ का लावतोय, ते मलाही कळतंय.

फटफटत होतं तेव्हा आक्का गेल्या. झोपेतच. त्यांचा मुलगा आधी काकांकडे आला. आवाजानं मीही उठून गेलो. आक्कांची एकच लेक, शिवकन्या, पुण्यात. नवरा कंपनीच्या कामाला परराज्यात, घरात ती आणि तीन वर्षांचं लेकरू. ती आल्याशिवाय माती द्यायची नाही आणि दिवस मावळायच्या आत तर द्यायला पाहिजे.

काकांनी टोपी घातली, मगच फोन लावला. हा फोन त्यांनी आयुष्यात किती जणांना केला असेल, देव जाणे. आवाज जरासुद्धा हलला नाही. “शिवकन्याबाई, आईची तब्येत जरा जास्त है. घाबरू नका. पर निघा. ड्रायव्हर भेटतो का बघा.”

तिकडून ती म्हणाली, “ड्रायव्हर कुठून भेटंल आता? मीच आणते गाडी. लेकराला मागं झोपवते. लोकेशन पाठवते, काका.”

फोन ठेवला आणि काका बोटांवर मोजायला लागले. दहा तासांचा रस्ता, एकटी बाई, मागं लेकरू. “फ्लेक्सवाले,” ते म्हणाले, “तिच्या डोळ्यासमोर फोन लावलेला राहील. नकाशा त्याच्यातच बघती ती. आता गावातून ज्याचा ज्याचा मेसेज जाईल तो तिच्या नकाशावर पडंल. ऐंशीच्या स्पीडला.”

चारशे माणसं म्हणजे चारशे अंगठे. आणि आमच्या गावच्या अंगठ्याला मरणाची बातमी म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? माणूस तिरडीवर चढायच्या आत त्याचा फोटो चौकटीत चढतो. मीच चढवतो.

काकांनी ग्रुपला कुलूप घातलं. ॲडमिनशिवाय कुणी बोलायचं नाही. सहाचा सुप्रभात लावलेला होता, तोही काढला. मरणाच्या दिवशी कसला सुप्रभात? मग काठी घेऊन घरोघर निघाले. दारात उभं राहून “येऊ का?” आणि आत जाऊन एकच वाक्य, “शिवकन्या रस्त्यावर है. संध्याकाळपर्यंत आक्का जित्या हैत.” लोक समजले. आमच्याकडे ही रीत जुनीच आहे, दूरच्याला ‘तब्येत जास्त आहे’ एवढंच सांगायचं. पण काकांना गावातले अकरा जण पाठ होते, ज्यांचा अंगठा त्यांच्या स्वतःच्या ताब्यात नव्हता. त्या अकरा जणांचे फोन त्यांनी हात जोडून मागून घेतले, काचेच्या केबिनमध्ये फळीवर ओळीनं मांडले आणि केबिनला कुलूप लावलं. दिवसभर ते आत एकेक करून उजळत होते आणि घुरघुरत होते. मला वाटायचं, आता ह्यांतला एखादा स्वतःच काच फोडून बाहेर येतो.

बारावा बाकी होता. आमचे भावी सदस्य. त्यांना निवडून यायला सात वर्षं उशीर झाला होता, पण पाटीवर ‘भावी’ कायम. ते साडेअकराला माझ्या दुकानात घुसले. “आक्का गेल्या म्हणं! बॅनर बनव. आपला पयला पायजे. ग्रुप बंद असंल तर असू दे, स्टेटसला टाकतो.”

मी भेकड माणूस. गिऱ्हाईकाला नाही म्हणता येत नाही. मी बॅनर बनवला. भावी सदस्य मोठे, हात जोडलेले, आक्का कोपऱ्यात. त्यांच्या फोनवर पाठवलाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गावाला वाटतं तो त्यांनी दुसरीकडून आणला. बॅनर जाताना शेजारी दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्यांनी तो पाहिलाही. शिवकन्येचा ठिपका तेव्हा जालन्याजवळ होता.

मी फळीच्या फटीत तोंड घातलं. “काका!”

काका आले. भावी सदस्यांचा अंगठा स्क्रीनच्या वर, एवढ्याशा अंतरावर. काकांनी फोन हिसकावला नाही. दारात उभं राहून विचारलं, “येऊ का?”

“या की. काहून?”

“तुमचे वडील गेले तवा तुमी पुण्याला होस्टेलला व्हते. मीच फोन केला व्हता. काय म्हणलो व्हतो मी?”

भावी सदस्यांनी अंगठा मागे घेतला. मग म्हणाले, “तब्येत जरा जास्त है, म्हणले व्हते.”

“तुमी एसटीनं आले. परभणीच्या स्टँडावर उतरून काय केलं?”

“भजे खाल्ले,” ते म्हणाले.

“खाऊ दिले तुमाला. आख्ख्या गावाला खबर व्हती. त्या स्टँडावर आपल्या गावचे दोघं जण व्हते. त्यांनी तुमाला भजे खाताना पाह्यलं आन् तोंड फिरवून घेतलं. पोटात काही तरी असावं माणसाच्या, दारात पाय टाकताना.”

भावी सदस्यांनी फोन बंद करून काकांच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. बॅनरचे पैसे मी आजपर्यंत मागितले नाहीत. एवढी लाज मलाही आहे.

मग आम्ही ठिपका बघत बसलो. मी दुकान बंदच केलं. एका फोनवर सहा डोकी. मंठा आलं, गेलं. मंठ्याच्या थोडं पुढे ठिपका थांबला.

एक मिनिट. दोन. चार. कुणी म्हणालं, लेकराला लघवीला नेलं असंल. आठ मिनिटं झाली. कुणी म्हणालं, टायर. कुणी काही म्हणालं नाही, ते सगळ्यात वाईट. केबिनमध्ये एक फोन घुरघुरायला लागला आणि माझं काळीज अक्षरशः बरगडीतून उडी मारून बाकावर येऊन बसलं. आक्कांचा मुलगा म्हणाला, “काका, फोन लावा तिला. तुमी तर सगळ्यांना लावता.”

काकांचा अंगठा तिच्या नावावर होता. हा तोच माणूस, जो भाजी उशिरा आली तर धाब्यावर फोन करायचा.

“न्हाई,” काका म्हणाले. “ती इचारंल, आई कशी है. आन् मी आता दुसऱ्यांदा खोटं बोलू शकत न्हाई. एकदाच बोलता येतं.”

अठरा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली, ह्यात मी एक सेकंदही वाढवलेला नाही. एकोणिसाव्या मिनिटाला ठिपका हलला. आम्ही सगळे असे ओरडलो की समोर आक्कांपाशी बसलेल्या बायका दारात आल्या. आणि जरा वेळ गेला न गेला तोच ठिपकाच नाहीसा झाला. लाइव्ह लोकेशन आठ तासच चालतं, सकाळी सहाला लावलेलं दोनला संपलं. पुन्हा लावायचं तर तिनंच लावायला हवं. रिकाम्या नकाशाकडे बघत काका ओठांनी काही तरी पुटपुटत होते. जप असेल, नाही तर गावांची नावं असतील. पाच मिनिटांनी फोन वाजला. तिनं पुन्हा लोकेशन पाठवलं होतं.

“बघा!” काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “शिकवलेलं इसरली न्हाई पोरगी. म्हंजी तिला काही कळलेलं न्हाई. बराबर येऊन राहिली.”

जिंतूर. येलदरी. सेनगाव. पाच वाजता गाडी दारात आली. ती उतरली, लेकराला भावजयीच्या कडेवर दिलं आणि गर्दीकडे न बघता सरळ आत गेली. दिवस मावळायच्या आत माती झाली. सगळं झाल्यावर काकांनी अकरा आणि एक, बारा फोन ज्याचे त्याला परत केले आणि ग्रुपचं कुलूप काढलं. त्या संध्याकाळी मात्र कुणीच काही टाकलं नाही.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी काकांकडे चहा पीत बसलो होतो. त्यांचा फोन वाजला. त्यांनी बटणं लावली, चष्मा लावला. मेसेज शिवकन्येचा होता, ‘येऊ का?’ मान वर केली तर ती दारातच उभी, तीन पावलांवर, हातात फोन. काकांनी टाइप केलं, ‘या’. मग ती आत आली.

जरा वेळ तिनं केबिनच्या काचेवरचे नियम वाचले. मग म्हणाली, “काका, मला मंठ्यापाशीच समजलं व्हतं.”

काकांनी ओठांशी नेलेली कपबशी खाली घेतली. “कोण? कुणी टाकलं? बारावा तर मी...”

“कुणी न्हाई टाकलं. तेच तर. तुमी म्हणले आई जास्त है. आपल्या गावात कुणाची म्हैस आजारी पडली तरी ग्रुपावर दोनशे जण ‘लवकर बरी होवो’ म्हणतेत. माझ्या आईला एकानं बी म्हणलं न्हाई. सकाळी तुमचं सुप्रभात न्हाई. मंठ्यापर्यंत नकाशावर काहीच पडलं न्हाई, काका. मग मी गाडी बाजूला घेतली.”

आयुष्यभर निरोपाचं काम केलेला माणूस, चारशे तोंडं बंद केली आणि बंद तोंडाचाही निरोप जातो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. “चुकलं,” ते म्हणाले. “मला ‘लवकर बऱ्या व्हा’ चालू ठिवायला पायजे व्हतं. चुकलं माझं, बाई.”

“न्हाई चुकलं. तिथं लिंबाखाली मला रडू भेटलं. अठरा मिन्टं कुणाचा फोन आला न्हाई. इतक्या वेळ मला कुणी एकटं सोडलं न्हाई कधी. मग लेकरू उठलं. त्याला केळं चारलं, मी बी खाल्लं, आन् निघाले.”

काकांना एकच गोष्ट उलगडेना. “पर मग दोन वाजता लोकेशन परत लावलं. तुमाला तर समजलं व्हतं. मग काहून लावलं?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “तुमी ठिपका बघत बसले असाल, म्हणून.”

काका उठले. कपबशी टेबलावर ठेवली, नीट, फोटो सरळ करतात तशी. मग केबिनचं दार उघडून आत गेले आणि दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांना त्या काचेच्या आत मी कधी पाहिलं नव्हतं. ते कायम बाहेरच बसायचे.

मी माझी खुर्ची उचलली आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवली. शिवकन्येनंही काकांची रिकामी खुर्ची तशीच फिरवली. सेनगावची जीप भरत होती. ती भरेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडेच बघत बसलो.